पाणी, तेल, भाकर आणि सात संस्कार

"संस्कार किती?" "सात!" "कोणते?" आणि मग एका दमात बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा, विवाह. सात-आठ वर्षांची मुलं हे इतकं झकास म्हणून दाखवतात की ऐकणाऱ्याने खूश होऊन खिशातलं चॉकलेट काढून द्यावं. पण पुढे होऊन विचारा, "बरं, अभ्यंग म्हणजे काय रे?" की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. फार तर एखादा सांगतो, दिवाळीची आंघोळ!

मला विचाराल तर तो एखादाच उत्तराच्या सगळ्यात जवळ असतो. त्याच्या डोक्यात निदान तेल तरी आलं.

आज लिहायचं आहे ते याच विषयावर. लहान कॅथलिक मुलांना संस्कार शिकवायचे तर सुरुवात कुठून करावी? माझं मत आधीच सांगून टाकते. व्याख्येपासून करू नये, वस्तूपासून करावी. रविवारच्या वर्गावर सोडू नये, घरात करावी. आणि नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी तरी ती मराठीतून करावी. आता एकेक मुद्दा घेते. जे ख्रिस्ती नाहीत अशा ब्लॉगवाल्या मित्रमंडळींनीही वाचावं, कारण मुलांना 'आपलं' काही कसं द्यायचं हा प्रश्न तुमच्याही घरात असणारच.

आधी आमची परिस्थिती. मराठवाड्यात कॅथलिक माणूस म्हणजे पिठात मीठ. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला, म्हणजे तसा तरुणच. त्याआधी वैजापूर, घोगरगाव या बाजूला सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी खेडोपाडी काम केलं, तिथली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या मराठीच. नांदेड-लातूरकडे आलं की चित्र बदलतं. मिस्सेला बसलेल्या माणसांत केरळहून आलेल्या नर्सबाई असतात, गोव्याकडचे एखादे बँकवाले किंवा रेल्वेवाले, तमिळ घरं आणि मग इथली मराठी घरं. मुलं बहुतेक इंग्रजी शाळेतली. त्यामुळे धर्मशिक्षणाचा वर्ग आपोआप इंग्रजीकडे झुकतो. तो आठवड्यातून एक तास, त्यातली दहा मिनिटं हजेरी आणि दहा मिनिटं 'गप्प बसा'. उरलेल्या वेळात सात संस्कार पाठ होतात हेच खूप झालं.

गंमत म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांची गोष्टही सारखी नसते. सीरो-मलबार घरातल्या मुलाला बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरण मिळालेलं असतं, आणि त्याच्या शेजारच्या लॅटिन विधीच्या मराठी मुलीला त्यासाठी मोठी होईपर्यंत थांबावं लागतं. "याला मिळालं, मला का नाही?" हा प्रश्न पुस्तकात नसतो, पण मुलीला पडतो. आणि तो चांगला प्रश्न आहे. त्यातूनच तिला सांगता येतं की चर्च एक असलं तरी रिवाज अनेक आहेत, जसं एकाच घरातल्या दोन सुनांचं पुरण वेगळं.

आता शब्दाकडे येऊ. वसईकडचे आमचे नातेवाईक अजून 'साक्रामेंत' म्हणतात. इकडे आपण 'संस्कार' म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण मुलाच्या कानाला तो वेगळाच लागतो. 'मुलांवर चांगले संस्कार करा' हे वाक्य तो शाळेच्या गॅदरिंगपासून ते किराणा दुकानातल्या कॅलेंडरपर्यंत सगळीकडे ऐकतो. त्याच्या लेखी संस्कार म्हणजे मोठ्यांना नमस्कार करणे, ताटात टाकून न देणे, खोटं न बोलणे. शेजारच्या घरात सोळा संस्कारांपैकी बारसं नाहीतर मुंज चाललेली असते. मग आपल्या सात संस्कारांचा अर्थ तो लावतो, 'आपल्यातले सात चांगले नियम'. इथेच गाडी रुळावरून घसरते. कारण चर्चच्या शिकवणीत संस्कार म्हणजे आपण देवासाठी करायचं काही नाही, देव आपल्यासाठी करतो ते. डोळ्याला दिसणारी खूण, आणि तिच्यातून मिळणारी न दिसणारी कृपा. ही व्याख्या बरोबरच आहे, पण सात वर्षांच्या पोराला 'कृपा' म्हणजे शेजारच्या वर्गातली मुलगी वाटते!

म्हणून म्हणते, खुणेपासून सुरुवात करा. खूण त्याच्या हाताला लागते.

पाणी घ्या. लातूरच्या पोरांना पाणी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. 'जलदूत' म्हणायचे त्या गाडीला. त्या वेळी जी मुलं होती ती आता कॉलेजात आहेत, पण त्यांच्या धाकट्या भावंडांनीही घरात घागरी, टिपाडं, टँकरची वाट बघणं हे ऐकलं-पाहिलं आहे. ज्या घरात आज नळ येणार की नाही यावर कपडे धुणं ठरतं, त्या घरातल्या मुलाला बाप्तिस्मा सांगणं किती सोपं आहे! पाण्याशिवाय काहीच चालत नाही, हे त्याला माहीत आहे. मग त्याला सांगायचं की तू एवढासा होतास तेव्हा तुझ्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, आणि तू देवाच्या घरातला झालास. एकदाच. बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत.

यात एक गोष्ट अशी आहे की ती सांगितली की मुलं डोळे मोठे करतात. जीव धोक्यात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. अगदी ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, फक्त चर्च जे करतं तेच करायचा त्याचा हेतू हवा. पाणी ओतायचं आणि ते शब्द म्हणायचे. चर्चच्या कायद्यातच हे आहे. ज्यांची आई रात्रपाळीला नवजात बाळांच्या वॉर्डात असते, त्या मुलांना हे ऐकून आईबद्दल जे वाटतं, ते कुठल्याही धड्याने वाटणार नाही.

तेल घ्या. आपल्याकडे बाळाला तेल लावून शेकशेगडी करणं हे आजीचं राखीव काम. बाळ मजबूत व्हावं म्हणून. चर्चमध्येही बाप्तिस्म्याला तेल, दृढीकरणाला तेल, फादर होताना हातांना तेल, आजारपणात कपाळाला आणि हातांना तेल. जुन्या रिवाजाप्रमाणे ऑलिव्हचं, पण १९७२ साली सहाव्या पोप पॉल यांनी रुग्णाभ्यंगासाठी, ऑलिव्ह मिळत नसेल तिथे दुसरं वनस्पतीचं तेलही चालेल असं ठरवून दिलं. करडई आणि सोयाबीनच्या मुलखातल्या मुलांना ही माहिती जरूर द्या. आणि त्यांना आजीकडे पाठवा विचारायला, तू मला तेल का लावायचीस? आजी जे उत्तर देईल ते दृढीकरणाच्या धड्याची पहिली ओळ म्हणून धरायला हरकत नाही.

आजाऱ्याला तेल लावायला फादर घरी येतात तेव्हा आपण मुलांना बाहेर खेळायला पिटाळतो. का? आजोबा आजारी आहेत हे त्यांना कळत नाही असं वाटतं का आपल्याला? त्यांना जवळ उभं राहू द्यावं. रुग्णाभ्यंग म्हणजे 'आता संपलं' अशी समजूत मोठ्या माणसांतही घट्ट आहे, आणि ती मुलांना दाराबाहेर ठेवूनच पुढच्या पिढीत जाते. तो संस्कार आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून आहे. पुन्हा आजार बळावला तर पुन्हाही देतात.

आता भाकर. मराठी बायबलमध्ये आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण ब्रेडला 'भाकर' म्हणतो, आणि वेदीवर असते ती गव्हाची पांढरी, पातळ ओस्ती. ज्वारीच्या पट्ट्यातलं पोर विचारणारच की ही कसली भाकर? "मग ज्वारीची का नाही?" चर्चचा नियम आहे की ती गव्हाचीच हवी आणि दारू द्राक्षाचीच, कारण येशूने शेवटच्या भोजनात जे घेतलं त्याच्याशी धागा तुटू नये. हे उत्तर मुलांना पटतं. पण तिथे थांबू नका. भाकर हा शब्द ज्या कुणी निवडला त्याने मोठं काम करून ठेवलं आहे. भाकर म्हणजे आपल्याकडे जगणं. 'भाकरीसाठी पुण्याला गेला' असं आपण म्हणतो. ख्रिस्त स्वतःला भाकर म्हणवतो हे मराठवाड्यातल्या मुलाला रोमच्या मुलापेक्षा लवकर समजेल असं मला खरंच वाटतं. फक्त कुणीतरी त्याला ते त्याच्या भाषेत सांगायला हवं.

प्रथम ख्रिस्तप्रसादाचं वय सातच्या आसपास आलं ते १९१० पासून. त्याआधी मुलांना दहा, बारा, कुठे कुठे चौदा वर्षांपर्यंत थांबवत. दहावे पोप पायस यांनी सांगितलं की मुलाला कळू लागलं, साध्या भाकरीत आणि या भाकरीत फरक आहे एवढं समजलं, की पुरे. सगळी धर्मतत्त्वं मुखोद्गत हवीत असा आग्रह त्यांनी धरला नाही. मग आपण का धरतो? उलट ज्यावर जोर द्यायचा त्यावर देत नाही. पांढरा फ्रॉक, हॉल, केक, फोटोग्राफर, परतीच्या भेटी... हौस असावी, माझी ना नाही. पण तयारीच्या दोन महिन्यांत फ्रॉकवर जितक्या वेळा बोलणं होतं, त्याच्या निम्म्या वेळा तरी त्या भाकरीवर व्हावं.

पापनिवेदनाचं काय? ते प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या आधी असतं आणि मुलं त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. यात मोठ्यांचा हात असतो. "थांब, फादरना सांगते", "हे पण कबूल कर हं" असं म्हणत आपण फादरना पोलीस करून टाकतो. मुलांना दोन गोष्टी नीट सांगाव्यात. एक, तिथे सांगितलेलं फादर कुणालाही, कधीही सांगू शकत नाहीत. आई-वडिलांनाही नाही. आणि दुसरी, तिथे शिक्षा नसते, समेट असतो. मुलांना कट्टी आणि बट्टी उत्तम कळते. करंगळी आणि दोन बोटं यांच्यात जे आहे तेच इथे आहे, फक्त बट्टी करायला देव आधीच हात पुढे करून उभा आहे. आणि हो, बाहेर आल्यावर "काय काय सांगितलंस?" हे आईने विचारू नये.

यात नवीन काही नाही, बरं का. गोव्यात १५४२ साली फ्रान्सिस झेवियर घंटा वाजवत रस्त्याने फिरत आणि पोरांना गोळा करून शिकवत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत राहिले. मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी गुरू-शिष्य संवादाच्या रूपात कोकणीत प्रश्नोत्तरी लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये रायतूरला छापली गेली. पण त्याआधीच, १६१६ साली, त्यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं होतं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. त्याच्या सुरुवातीलाच असा प्रसंग आहे की एक जण पाद्रीगुरूंना म्हणतो, मुलांना प्रश्नोत्तरं शिकवता ते चांगलंच आहे, पण आम्हाला आमच्या भाषेत पुराणासारखं काही द्या. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाला जे जाणवलं ते तेच आहे. प्रश्नोत्तरं पुरत नाहीत. कथा हवी, आपली भाषा हवी. स्टीफन्सनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायलाही मागेपुढे पाहिलं नाही.

वस्तूंतून शिकवण्याचंही तसंच. मारिया माँटेसरी स्वतः कॅथलिक होत्या, १९३९ साली त्या भारतात आल्या आणि युद्धाची वर्षं इथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीवर रोममध्ये सोफिया कावालेत्ती यांनी १९५४ पासून लहान मुलांचं धर्मशिक्षण उभं केलं. छोटी वेदी, छोटा पेला, लाकडी मेंढपाळ आणि मेंढरं. मुलं ती हाताळतात आणि मग बोलतात. आणि महागडी साधनं नसली म्हणून अडायचं कारण नाही, हे आपल्याच ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडला दाखवून दिलं. खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलांसाठी त्यांनी बिया, शिंपले, पानं, मातीच्या वस्तू यांतून बालवाडी चालवली. आपल्याकडे तर तांब्या, तेलाची वाटी, भाकरी आणि मेणबत्ती घरातच आहे.

आता भाषा. इंग्रजीतून शिकलेली मुलं फाडफाड बोलतात, पण घरी आजीसोबत प्रार्थनेला बसली की मुकी होतात, आणि आजी मुलांच्या वर्गात मुकी होते. दोघांचा देव एक आणि मध्ये भाषांतरकार पाहिजे, हे काही खरं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकापासून, मिस्सा लोकभाषेत आणली ती कशासाठी? 'सुवार्ता'चं संपादन वर्षानुवर्षं करणारे आणि 'सुबोध बायबल' मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि ते संमेलन आपल्याच उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवला झालं. २०२४ मध्ये ते गेले. एक कॅथलिक धर्मगुरू मराठवाड्याच्या मातीत मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसू शकतो, तर आमच्या पोरांना 'कृपा' आणि 'समेट' हे शब्द मराठीत यायला काय हरकत आहे? मल्याळी, तमिळ घरांनी आपापल्या भाषेत करावं. मुद्दा घरच्या भाषेचा आहे.

आणि आता एक अवघड गोष्ट, जी सहसा कुणी लिहीत नाही. इथल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांची मुळं दलित समाजात आहेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती माणसाला त्या सवलती नाहीत. शिखांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, ख्रिस्ती आणि मुस्लिमांना नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेला दाखला नाकारताना तिचा लहानपणीच बाप्तिस्मा झाला होता आणि ती नियमित चर्चला जात होती, हे लक्षात घेतलं. म्हणजे आम्ही ज्याला कृपेची खूण म्हणतो, ती कचेरीत पुरावा ठरते. त्यामुळे काही घरांत बाप्तिस्म्याचा उल्लेख दबक्या आवाजात होतो, फोटो भिंतीवर लागत नाही, मुलाला एक नाव शाळेत आणि एक नाव चर्चमध्ये असतं. त्या आई-वडिलांना नावं ठेवायचा मला काय, कुणालाच अधिकार नाही. पोटाचा प्रश्न आहे, आणि तो नियम अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. गाव आणि वाडा धर्म बदलल्याने जात विसरत नाही, हे मराठवाड्यात कुणी कुणाला सांगायला नको.

पण मुलाचं काय? आपण वर्गात सांगतो, बाप्तिस्म्याने तू देवाचं लेकरू झालास. घरी त्याला कळतं, हे बाहेर बोलायचं नाही. सात वर्षांचं मूल यातून एकच अर्थ काढतं, की ही काहीतरी लाजेची गोष्ट आहे. ते आपण होऊ देता कामा नये. मूल थोडं मोठं झालं की त्याला खरं कारण सांगावं. की ही लाज आपली नाही, नियम करणाऱ्यांची आहे. की आपल्याला मोजावी लागणारी किंमत आहे आणि तरीही आपण ती गोष्ट सोडली नाही, म्हणजे ती किती मोलाची असेल बघ. गप्प राहण्यापेक्षा हे बरं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही तसंच. नांदेडचं मूल हजूर साहिबला बघतं की लोखंडी भांड्यात पाणी आणि पतासे खंड्याने ढवळून अमृत तयार होतं. लातूरच्या मुलाच्या वर्गात लिंगायत मित्र असतो, ज्याच्या गळ्यात इष्टलिंग आहे. बौद्ध मैत्रिणीच्या घरी १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा हा घरातला इतिहास असतो. "आपलं पण तसंच आहे का?" या प्रश्नाला "नाही, गप्प बस" किंवा "हो, सगळं सारखंच" ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत. खुणा सारख्या आहेत, कारण माणसाला पाणी, अन्न, स्पर्श लागतोच. त्या खुणेतून काय मिळतं यावर प्रत्येकाची श्रद्धा वेगळी. हे मुलाला सांगितलं तर त्याचा घोळ होत नाही. मित्राला काय सांगायचं ते मात्र त्याला नीट कळतं.

"मग पाठांतर नकोच का?" असं मोठी माणसं विचारतील, मला माहीत आहे. हवं ना! पाठ केलेलं म्हातारपणी आणि आजारपणात कामी येतं. डोळ्यांनी दिसेनासं झालेली माणसं पाठ प्रार्थनेवर दिवस काढतात. पण आधी हाताला पाणी लागू दे, मग ओठावर शब्द येऊ दे.

आणि हे करायचं कुणी? चर्चचा कायदाच सांगतो की पहिली जबाबदारी आई-वडिलांची. फादर, सिस्टर, शिक्षक नंतर. करायचं तरी काय फार? मुलाचा बाप्तिस्म्याचा दिवस वाढदिवसासारखा लक्षात ठेवा. त्या दिवशी ती मेणबत्ती काढून लावा. धर्मपिता-धर्ममातेला फोन करायला लावा, बऱ्याच मुलांना ते कोण आहेत हेसुद्धा माहीत नसतं. लग्नाला नेलं की जेवणाच्या रांगेआधी वेदीसमोर पहिल्या बाकावर बसवा आणि वचन देताना दोघं काय बोलतात ते ऐकवा. फादरना जेवायला बोलवा आणि मुलाला विचारू द्या, तुम्ही फादर का झालात? झाला की गुरुदीक्षेचा धडा.

घरातली मोठी माणसं हे वाचत आहेत, म्हणून एक विनंती. तुमच्या लहानपणी तुम्हाला हे कुणी आणि कसं शिकवलं, ते लिहून पाठवा. मराठीत, कोकणीत, जसं येईल तसं. पुढच्या रविवारी मुलांना वाचून दाखवेन.